धानोऱ्याच्या सरळ बांधाविषयी

मी नत्थुजी उकर्डाजी गावंडे, वय अडुसष्ट, धंदा शेती, राहणार मौजे धानोरा, तालुका मूर्तिजापूर, जिल्हा अकोला, हा कागद स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे, गुडघे नाहीत. कोणी भरीस घातलेले नाही. अक्षरे चाळिशीत मोझरीच्या आश्रमात शिकलो, तेव्हा काना-मात्रा चुकल्यास हसू नये.

कलम एक. राहते घर, वावर आणि बैलजोडी मुलगा भगवंत यास. धवळ्या बैल आता थकला आहे. त्याला बाजार दाखवू नये, माझ्यासारखाच घरी मरू द्यावा.

कलम दोन. पोस्टातली शिल्लक आणि आईची गळ्यातली एकदाणी मुलगी पंचफुला हिला. मेहुणे देवराव यांस काही नाही. त्यांनी माझे जू नेले, मोडून आणले आणि वर म्हणाले, "जुनंच तं होतं." ते त्यांनाच पोचले असे समजावे.

कलम तीन. हे लिहायला मला तीन वर्षे लागली. सन १९६० साली सरकारने बांधबंदिस्ती आणली. माती वाहून जाऊ नये म्हणून उताराला आडवे बांध घालायचे, काम पास झाले की अनुदान. मापणी करणारे साहेब दुर्बिणीतून पाहून माझ्या वावरात खुंट्या ठोकून गेले. रेघ उताराप्रमाणे वळत होती. नांगराचे तास सरळ आणि बांध वाकडा, म्हणजे दर फेरीला वखर उचला, बैल वळवा! साहेब माझ्याच ओसरीवर जेवत होते, माझी बायको मैना (आता ती नाही) त्यांना पुरणपोळी वाढत होती, तेवढ्यात मी वावरात जाऊन सात खुंट्या उपटल्या आणि तासाच्या रेषेत सरळ ठोकल्या. साहेब परत फिरकले नाहीत. मजुरांनी खुंट्यांवर माती ओढली. बांध देखणा झाला, काम कागदावरच पास झाले, अनुदानही मिळाले.

पाण्याला सरळ रेघ कळत नाही. पुढच्याच पावसाळ्यात ते खोलगटात साचले, बांध फुटला आणि खालच्या देवमनच्या तीन एकरांत शिरले. त्याचा बांध गेला, हातभर काळी माती गेली, मुरूम उघडा पडला. देवमन छप्पन साली बौद्ध झालेला, आयुष्यभर दुसऱ्याच्या वावरात राबून ते तीन एकर घेतलेला माणूस. पंचनाम्याला पंच मीच. 'देवमनचे काम कच्चे' या ओळीखाली मी सही केली. त्याचे अनुदान अडले, ते आजवर अडलेलेच आहे.

सबब माझ्यामागे भगवंताने सरळ बांध मोडून साहेबांच्या रेघेवर घालावा, तळ्यातला गाळ शंभर गाड्या देवमनच्या वावरात टाकावा आणि हे कलम कचेरीत दाखवून त्याचे अनुदान सोडवावे.

एवढे लिहून काल देवमनला बोलावले व वाचून दाखवले.

तो म्हणाला, "मले तवाच ठाऊक होतं, नत्थुजीभाऊ. खुट्या उपटल्याचे भोकं दिसत होते वावरात."

"मंग बोलला काहून नाही?"

"कोनापाशी बोलू? पंच तं तुमीच होते."

मी कागदाची घडी घातली. मग तोच म्हणाला, "कागद चांगला लिवला. पन मी काय तुमच्या मराची वाट पायत बसू? मिरुगाचा पाऊस दीड महिन्यावर आला."

कलम चार. मृत्युपत्र माणूस गेल्यावर उघडतात. वरचे कलम तीन त्यास अपवाद आहे. सोमवारी मी व देवमन छकड्याने मूर्तिजापूरच्या कचेरीत जात आहोत. जबाब मी माझ्या तोंडाने देईन. नव्या बांधाची पहिली टोपली मीच टाकीन. त्यानंतर जे काम उरेल तेवढेच भगवंताच्या वाट्याला.

मौजे धानोरा, शुक्रवार, ता. २४ एप्रिल १९६४.
सही: नत्थुजी उकर्डाजी गावंडे

साक्षीदार:
१. खुशालराव तायडे, शाळामास्तर
२. हरिहर जोशी, पोस्टमास्तर
३. ही जागा देवमनसाठी ठेवली होती. तो म्हणाला, "मी सोमवारी सही करीन. कचेरीत, तुमच्या सहीच्या खाली."