चौथ्या फेरीची यादी

प्रिय टॅमसिन,

"शुक्रवारी माझ्यासाठी खुर्ची ठेवू नकोस. दिवसभर आम्ही एका हॉलमध्ये होतो, आणि बाप शेवटची फेरीसुद्धा न खेळता निघून गेला. त्याच्या अंत्यविधीला मी कशाला येऊ?" हा तुझा निरोप मी चार वेळा ऐकला. तुझा राग खरा आहे, पण तो चुकीच्या माणसावर आहे.

बर्नी गावच्या क्लबात पत्त्यांच्या स्पर्धेच्या जोड्या बारा वर्षं मीच लावते आहे. नियम तुला पाठ आहेत: सारखे विजय असलेल्यांची गाठ पडते, आणि खेळाडू विषम असले की तळाच्या एकाला बाय, म्हणजे न खेळता विजय. त्या दिवशी आपण तेवीस होतो. रॉसने पहिले दोन्ही डाव जिंकले, तू एकच. तिसऱ्या फेरीत मी त्याच्या मागे उभी होते. तुझा बाप जिंकत होता गं! मान वर करून त्याने तुझ्या टेबलाकडे पाहिलं. तू जिंकून उठलीस, तशी त्याने हातातली पानं पालथी ठेवली आणि समोरच्याला म्हणाला, "घे मित्रा, हरलो." आता दोघांचे दोन-दोन झाले. दोन विजयांवरच तो मुद्दाम थांबला होता, तुझ्यासमोर बसायला मिळावं म्हणून.

संगणकाने जोडीही तशीच काढली. टेबल चार, रॉस आणि तू. ते पाहून माझं डोकं फिरलं. तुझी आई शेवटचे दिवस मोजत असताना तो फिरकला नव्हता, आणि तिचा हात मी धरून बसले होते. म्हटलं, पोरीला हा छळ नको. तुला विचारलंसुद्धा नाही, एवढी मी शहाणी. तळाच्या हॅमिशची बाय रॉसला दिली आणि हॅमिशला तुझ्यासमोर बसवलं.

रॉस हातात खिमा भरलेली पेस्ट्री घेऊन माझ्यापाशी आला. "रेलीन, बाय तळाच्या माणसाला असते. मी दोन जिंकलोय." मी कागद चाळत राहिले. मग हळूच म्हणाला, "तिनेच सांगितलं ना?"

नाही, एवढंच म्हणायचं होतं. मी गप्प बसले.

"बरं. मग तिला त्रास नको. माझं नाव काढ," म्हणाला आणि कोट चढवला. तू हॅमिशला हरवलंस. रॉस थांबला असता तर पाचव्या, शेवटच्या फेरीत तुम्ही पुन्हा सारखेच होता, आणि हे त्यालाही कळत होतं. तरी गेला. सतरा दिवसांनी त्याचं हृदय बंद पडलं. तू नको म्हणालीस, असंच धरून तो गेला.

चौथी यादी लावली तेव्हा तू बोट फिरवत त्याच्या नावापाशी थांबली होतीस. मला वाटलं, सुटले म्हणून थांबलीस. तुझा निरोप ऐकल्यापासून तसं वाटत नाही. मला माफ करू नकोस, पण शुक्रवारी अकराला ये. पुढच्या रांगेतली खुर्ची तुझी आहे. मी दाराबाहेर उभी राहीन.

तुझीच,
रेलीन