मेंढरांच्या रक्ताचा अहवाल

मी, नानासो बिरा पुकळे, वय ६८, निवृत्त पशुधन पर्यवेक्षक, राहणार वडूज, पूर्ण शुद्धीवर राहून, कोणाच्या दडपणाशिवाय हे लिहून ठेवतो. ताप संध्याकाळी चढतो. हे सकाळचे लिखाण आहे.

१. राहते घर पत्नी हरणाबाई हिला, तिच्या पश्चात मुलगा मल्हार याला.

२. माझी हत्यारांची पेटी मुलगी सोनम हिला. ती सांगलीत रक्तावर संशोधन करते. माझ्या रक्ताच्या कुप्या तिच्याकडेच आहेत, त्या तिने ठेवाव्यात. तिनेच मला समजावले की, जंतू शिरला की शरीराच्या राखणदार पेशी बारीक पुड्या सोडतात. त्यांत सूक्ष्म आरएनएचे तुकडे, म्हणजे धोक्याचा निरोप असतो. शेजारच्या पेशी तो घेतात आणि सावध होतात. "पर आबा, काही जंतू लय बेरकी. आत बसून पुडीतला निरोपच बदलत्यात. शेजारी गाफील ऱ्हात्यात." घरात मी तेच केले होते.

३. तीन वर्षांपूर्वी आमच्या कळपाचे रक्त मीच तपासायला पाठवले. ब्रुसेल्लाचे जंतू निघाले. त्यांनी मेंढ्या गाभडतात, म्हणजे त्यांचे गर्भ पडतात, आणि विताना कोकरू किंवा मागून पडणारी वार उघड्या हातांनी हाताळणाऱ्या माणसालाही ते धरतात. माझा ताप त्यांचाच. नोकरीभर लोकांना हातमोजे घाला म्हणून ओरडलो. माझाच कळप बाधित आहे हे कळले तर खतासाठी आपल्या रानात मेंढरं कोण बसवून घेईल? "रिपोर्ट चांगला हाय," असे घरी सांगून मी कागद चुलीत घातला.

पुढे सून रेश्मा हिचे दोन गर्भ गेले. हरणाबाई तिला अवलक्षणी म्हणाली. मी भाकरी खात ऐकत राहिलो. गर्भ जंतूनेच गेले असे सोनम छातीठोक सांगत नाही, कारण रेश्माचे रक्त कोणी तपासलेच नाही. मला माझी लाज वाटते.

४. कळप मल्हारला. अट अशी की त्याने व रेश्माने आधी तपासणीसाठी रक्त द्यावे, आणि एकही बाधित मेंढी बाजारात जाऊ नये. अट मोडल्यास कळप सोनमचा.

५. रेश्माला पाचवा महिना आहे. मेंढ्या याच आठवड्यात व्यायला लागतील. म्हणून माझ्या मरणाची वाट न पाहता हे आजच घरात वाचावे. हरणाबाई, तू तिची माफी माग. मीही मागतो.

आमच्यादेखत सही केली: तात्याबा खरात, धनाजी गोरड

वडूज, दि. ५ नोव्हेंबर २०२५
(सही) नानासो बिरा पुकळे

सहीनंतर लिहिले: वाचनासाठी रेश्माला हाक मारली. मेंढवाड्यातून उत्तर आले, "आवं मामा, थांबा की वाईच. मेंढी अडलीया, कोकरू हातानं काढतीया."