पुसायची ओळ

२ मार्च
नवी नोकरी, नवं गाव आणि दादा-वहिनीच्या घरी मुक्काम. खिडकीजवळची खोली मला मिळालीय, मज्जाच! आमच्या अ‍ॅपवर माणसं समुपदेशकाला मनातलं लिहितात. बोलणं संपलं की ते सर्व्हरच्या मेमरीतून पुसायचं, हे माझं काम. टीम लीडना सगळे 'आजोबा' म्हणतात. वय पस्तिशीचं, कटकट सत्तरीची.

९ मार्च
कोडमध्ये पुसायची ओळ लिहिली, तपासली. मेमरीतली जागा कोरी करकरीत. आजोबांनी चारचौघांत पाठ थोपटली. जेवताना मी एवढ्या फुशारक्या मारल्या की दादा हसून बेजार. वहिनीचा हात भाजलाय, गरम पाणी सांडलं म्हणे. भांडी आवरताना तिने हळूच विचारलं, लिहिलेलं खरंच कुणाला दिसत नाही ना? मी म्हटलं, अगं, मी स्वतः पुसते.

१९ मार्च
एका बाईंची तक्रार आली: त्यांच्या लिहायच्या कोऱ्या चौकटीत भलत्याच कुणाचे शब्द उमटले. मी मेमरी उघडून पाहिली. काहीच पुसलं गेलं नव्हतं. इथे पुन्हा कुणी बघणार नाही, मग पुसायचं कशाला, असं ठरवून कंपायलरने, म्हणजे कोड मशीनच्या भाषेत उतरवणाऱ्या प्रोग्रामने, माझी ओळ परस्पर गाळली होती. टेस्टिंगच्या आवृत्तीत तो गाळत नाही, आणि मी तेवढीच तपासली होती. एकाची जागा मग दुसऱ्याला मिळते, शब्दांसकट. लाजेने कान तापले. तिथेच हे वाचलं: 'पाणी सांडलं असं नणंदेला सांगितलं. हात त्याने शेगडीवर धरला होता.'

२० मार्च
आजोबांना सांगायला उठले, परत बसले. कोणत्या तोंडाने सांगू? ओळ गुपचूप दुरुस्त केली, पण ती सर्व्हरवर सोमवारी चढेल. तोवर जुनंच चालू. रात्री दादाने मला आग्रहाने वाढलं. त्याच्याकडे बघवेना. वहिनीकडे तर नाहीच.

२१ मार्च
वहिनी कोपऱ्यात बसून अ‍ॅपवर लिहितेय. थांब म्हणायचं तर वाचल्याचं सांगावं लागेल. सर्व्हर बंद करा म्हणायचं तर चूक कबूल करावी लागेल. माझ्या खोलीत निघून आले. शी.

२२ मार्च, रविवार
वहिनीने अ‍ॅपवरचं लिहिणं संपवून नुकताच फोन खाली ठेवला. दादाने त्याच्या फोनवर अ‍ॅप घेतलं. बहिणीचं काम बघू म्हणाला. मी म्हटलं, आज नको, उद्या — तो हसला — चौकट उघडली —

चौकट कोरी नाही. हसू गेलं. वाचतोय. ओठ हलताहेत.

फोन उपडा ठेवला. स्वयंपाकघरात गेला — कडी आतून —

वहिनी आत आहे. आणि मी इथे लिहीत बसलेय — ऊठ ना, बये — काय सांगणार मी तिला, मी —