बरणीतली मूठ

माय,

आज भोगी. तिकडं वहिनी सकाळपासून भाज्या निवडत बसली असंल आणि मी इकडं टेबलावर एक काचेची बरणी ठेवून तुला पत्र लिहायले. तू जाऊन तीन महिने झाले, हे पत्र कुठं टाकायचं ते मला ठाऊक न्हाई. पण बरणी आज काठोकाठ भरली, आणि तुझ्याशी बोलल्याबिगर तिला हात लावायची माझी हिंमत होईना.

येडी झाले न्हाई मी. आधी सगळं नीट ऐकून घे, मग काय रागवायचं ते रागव.

तुझं मुठीचं गाडगं! आपल्या पिंगळी गावच्या घरात दळण काढलं की मापट्यातली एक मूठ ज्वारी तू मागं घ्यायचीस आणि चुलीमागच्या गाडग्यात टाकायचीस. टाकून झाली की वरून मूठ दाबायचीस, कुणी हात घातला तर कळावं म्हणून. विळ्यानं कापलेली तुझी करंगळी वाकडीच राहिली होती, त्यामुळं तो ठसा दुसऱ्या कुणाला जमायचा न्हाई. बोरांसाठी मी एकदा पसाभर ज्वारी चोरली आणि वर माझी मूठ दाबून ठेवली. संध्याकाळी पाठीत केवढा धपाटा घातला होतास, आठवतं का?

गाडगं भरलं की ज्वारी बाजारात जायची. माझी दहावीची फी त्यातली, परभणीच्या कॉलेजचा एसटीचा पासही त्यातलाच. "एका मुठीनं कुणी उपाशी मरत न्हाई," म्हणायचीस.

मरतं गं माय.

मी जर्मनीला मातीचं शिक्षण घ्यायला चालले म्हणल्यावर तू किती हसलीस! "वावरात हाय की माती, तिकडं कामून जायलीस?" सगळ्या गल्लीला सांगत सुटलीस. पण निघायच्या दिवशी जीपमध्ये बसताना कानाशी येऊन म्हणालीस, तिथं सगळं महाग असतंय म्हणे, मूठ काढीत जा.

मी काढली. काकडीच्या लोणच्याची ही बरणी रिकामी झाली, ती धुऊन घेतली. रोजच्या तांदळातली एक मूठ तिच्यात. पुढं हीटर बंद केला, बस सोडून पायी जायला लागले, दुकान बंद व्हायच्या वेळेला जाऊन अर्ध्या किमतीतला शिळा पाव आणायला लागले. एका मुठीच्या दोन झाल्या. मग संध्याकाळचं जेवणच सुटलं. पैसे वाचवायची पण नशा चढते बघ, आणि ती चढली की भूक लागल्याचा सुद्धा अभिमान वाटतो.

तू रोज फोनवर विचारायचीस, जेवलीस का? माझ्यासंगं रुमाना राहते ना, बांगलादेशची, तिचं भरलेलं ताट मी फोनसमोर धरायची. एकदा त्यात मासा होता. तू माळकरी बाई, लगेच विचारलंस, ते काय गं? भरलं वांगं, मी म्हणाले. तू फोन डोळ्यांजवळ घेऊन बघत राहिलीस. मला वाटलं, खपलं.

श्रावणात तुझी तब्येत बिघडली. डॉक्टर म्हणाला अशक्तपणा हाय, बाकी काही न्हाई. मी तिकीट बघून ठेवलं होतं, पण तू ऐकायला तयार न्हाई. येऊ नको, ते पैसे तुला होतील, म्हणालीस. आणि मी ऐकलं! जन्मभर तुझं एक ऐकलं न्हाई मी, नेमकं तेवढंच ऐकलं. दसरा झाला आणि चार दिवसांनी तू गेलीस.

दहावा गंगाखेडला, नदीवर झाला. दादानं पिंडासमोर फोन धरला होता. लिंबाच्या झाडावर कावळे बसलेले, एकही खाली उतरंना. दादानं म्हशीचं सांगितलं, वावर विकणार न्हाई म्हणून सांगितलं, माझ्या लग्नाचं सुद्धा सांगितलं. म्हातारी माणसं आपसात विचारायला लागली, काय राहिलं असंल बाईचं? शेवटी दादा म्हणाला, तूच बोल आता. मी म्हणाले, माय, मी शिक्षण पुरं करीन, पैसे उडवणार न्हाई, काटकसरीनं राहीन. तेवढं ऐकलं आणि सगळे कावळे एकदम उडून गेले. मग दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि लोक घरी गेले.

आदल्या दिवसापासून मी काही खाल्लं नव्हतं. तुला ते माहीत होतं, न्हाई का?

दुसऱ्या दिवशी बरणी उघडली तर तांदळात ज्वारी. सात-आठ दाणे. बॅगेतून आले असतील म्हणलं, पण बॅगेत मी ज्वारी आणलीच नव्हती. रुमानाला विचारलं तर तिला ज्वारी काय असते तेच माहीत न्हाई. त्याच्या दुसऱ्या दिवशी मूठभर झाली. टपोरी, आपल्या वावरातली दगडी ज्वारी, आणि तिच्यात कडुलिंबाचं एक वाळलेलं पान. पोत्यात किडे होऊ नयेत म्हणून तू टाकायचीस तसलं.

बरणी मी खाली कचऱ्यात टाकून आले. जिना चढून वर येते तर ती टेबलावर, झाकण लावलेलं, आत तांदूळ न्हाई, नुसती ज्वारी. रुमाना दिवसभर घरी नव्हती.

मी शिकलेली पोरगी हाय, लगेच देव-देव करत बसले न्हाई. ज्वारीत चिमणीच्या अंड्याएवढं मातीचं ढेकूळ सापडलं. ते कॉलेजात नेलं, पाण्याचे दोन थेंब टाकून बोटांत मळलं. काळी, चिकट, मधेच चुनखडीचे बारके खडे. वर्षभर जगातली कितीतरी माती हाताळली मी, पण ही ओळखायला शिक्षण लागत न्हाई. ही विहिरीकडच्या तुकड्यातली हाय. तिथून येऊन तू पायरीवर पाय घासायचीस.

मग मी नीट लक्ष ठेवलं. रुमानानं बळंच जेवायला बसवलं, त्या दिवशी बरणीत काही आलं न्हाई. एक मूठ मागं काढली तर एक मूठ ज्वारी आली. दिवसभर काहीच खाल्लं न्हाई तेव्हा तीन मुठी. मी माझ्या पोटातून जेवढं काढायची, तेवढं तू आणून टाकायचीस, आणि कितीही आलं तरी बरणी काही भरायची न्हाई.

आता खरं सांगते, रागवू नको. ते कळल्यावर मी शहाण्यासारखं जेवायला पाहिजे होतं. मी जेवणच सोडलं. पैशासाठी न्हाई, तुझ्यासाठी. दुपारी चारलाच इथं अंधार पडतो, तेव्हा घरी येऊन मी टेबलापाशी बसायची, खिडकीकडं तोंड करून. पाठीमागं दाणे सांडल्याचा आवाज यायचा, सुपातून बरणीत ओततात तसा. मी वळायची न्हाई. वळलं की थांबायचं ते. लिंबाचा आणि धुराचा वास खोलीभर व्हायचा आणि मला वाटायचं, हाय माझी माय, मी उपाशी हाय तोवर हाय. एक दिवस कॉलेजात चक्कर येऊन पडले. घरी आणताना रुमाना रडायली होती आणि मी मनात हिशोब लावत होते की आज चार मुठी येतील.

परवा वहिनीचा फोन आला. आवाज बारीक करून बोलायली होती. तुझं गाडगं तिनं तसंच ठेवलंय, तोंडाला फडकं बांधलेलं, गाठ तुझ्या हातची. तू गेलीस तेव्हा ते दोन हातांनी उचलंना, आता एका हातानं उचलतंय म्हणे. उंदरांचं म्हणावं तर भोक न्हाई, आणि गाठ सुटलेली न्हाई. दादाला सांगायची तिला भीती वाटायली होती.

मी तिला बरणीचं सांगितलं. ती रडायलाच लागली. "तुला सांगायचं नव्हतं, पण आता सांगते," म्हणाली. मी ताट दाखवायची ना, ते तुला पहिल्या दिवशीच कळलं होतं. ताट दुसऱ्याचं हाय, लेकीचं मनगट बघ, असं तू तिला म्हणाली होतीस. त्या दिवसापासून गाडग्यात तू दोन मुठी टाकायला लागलीस, आणि दुसरी मूठ तुझ्या भाकरीतली होती. वहिनी वाढायला गेली की ताट सरकवायचीस. ती रागावली तेव्हा तू म्हणालीस, "लेक तिकडं उपाशी हाय, माझ्या घशाखाली कसं उतरंल?"

अशक्तपणा! डॉक्टरला काय कळणार?

अगं, एकदा तोंडावर म्हणायचं होतंस की, शितले, खोटं बोलायलीस! मी पण एकदा विचारायचं होतं, माय, तू काय खाल्लंस? दोघी एकमेकींसाठी वाचवत बसलो आणि दोघी उपाशी राहिलो. कुणासाठी वाचवलं गं ते?

आज सकाळी वहिनीचा परत फोन. गाडगं रिकामं झालंय, गाठ तशीच हाय. मी बरणी उघडली तर काठापर्यंत ज्वारी, आणि वर तुझी मूठ दाबलेली. तो ठसा मला रोज दिसायचा, वाकड्या करंगळीचा. पण आज मी त्यावर माझी मूठ ठेवून बघितली. पहिल्या दिवसांत तो ठसा नुसत्या नजरेला सुद्धा माझ्या मुठीपेक्षा मोठा दिसायचा. आजचा चार वर्षांच्या लेकराएवढा हाय. नुसती हाडं टेकल्यासारखा.

तिथं पण तू तुझ्यातलंच काढून देतेस का, माय? मी तुला बोलवत राहिले आणि तू झिजत राहिलीस?

ज्वारी मी रुमानाच्या मिक्सरमध्ये दळली, थोडी थोडी करून. पीठ जाडंभरडं निघालं. एक मूठ मागं ठेवावी असं लय वाटलं. तेवढीच तुझी आठवण, डबीत राहिली असती. हात बरणीत गेला पण होता. न्हाई ठेवली. शेवटचा दाणा सुद्धा दळला आणि बरणी धुऊन पालथी घातली.

भाकरी कडंला चिरल्यात, पण वरून तीळ लावलेत. तूच म्हणायचीस ना, न खाई भोगी तो सदा रोगी? एक ताट रुमानाचं, एक माझं. एक चतकोर खिडकीत ठेवलाय. इथले कावळे अंगानं राखाडी असतात. त्यातला एक सकाळपासून तिथं बसलाय. चतकोराकडं बघत न्हाई, माझ्या ताटाकडं बघायलाय.

दहाव्याला चुकलं माझं, आता नीट सांगते. माय, मी पोटातून मूठ काढणार न्हाई. वाचवायचं ते चालून वाचवीन, जुन्या स्वेटरवर दोन हिवाळे काढीन, पण ताटातलं वाचवणार न्हाई. वहिनीला ताट दाखवीन ते माझं असंल, आणि तिच्या ताटात काय हाय ते रोज विचारीन. यंदा तिकिटाचे पैसे तिकिटालाच लावीन आणि घरी येईन.

घास मोडला. खाल्ला. अळणी झालीय भाकरी, मीठ टाकायचं राहिलंच.

खिडकीतला चतकोर गेला, माय.

बरणीकडं मी आता बघणार न्हाई. तू पण आणखी काही आणू नको. बस माझ्याजवळ, पोटभर जेव, आणि मग जा.

तुझी, दोन भाकरी खाऊन उठलेली,
शीतल