डावीकडचे दाणे

१४ सप्टेंबर
लग्न होऊन या कझाक गावात आल्यापासून आठ दिवस मी घरातल्या बाईला नवऱ्याची, सायातची, वहिनी समजत होते! "वहिनी, चहा ओत." "वहिनी, घोडी परतली का?" मला वाटलं, थोरला भाऊ कुठं बाहेरगावी असेल, येईल. शेवटी आज शेजारच्या दामेत्केनला विचारलं. ती कणीक मळता मळता हसून खाली बसली. "अगं बये, ती त्याची आई! तुझी सासू!"

सायातनं लग्नाआधी सांगितलं होतं – आई गेल्या वर्षी वारली. वारली ती आजी. पहिलं नातवंड आजी आपलंच मूल म्हणून वाढवते, अशी इकडची रीत. त्यानं आजीला 'अपा' म्हटलं, म्हणजे आई. आणि जिनं जन्म दिला तिला, घरातले दीर म्हणायचे तसं – वहिनी. दुसरं मूल तिला झालंच नाही. नवराही गेला. म्हणजे तिला अपा म्हणणारं जगात कुणीच नाही.

तिचं नाव मी इथंही लिहीत नाही. सुनेनं घ्यायचं नसतं. सासूबाई.

२२ सप्टेंबर
करागंडाच्या अनाथाश्रमात आम्हाला दोनच शब्द होते. बाई दिसली की मावशी, बाप्या दिसला की काका. स्वयंपाकीण मावशी, डॉक्टर मावशी, मारणारीही मावशीच. तेही रशियनमध्ये. कझाक भाषा मला ऐकून कळते, पण जीभ वळत नाही.

सासूबाई म्हणाल्या, "चेहरा आमचा, तोंडात मात्र एक शब्द नाही पोरीच्या! बस इथं." आणि भविष्य सांगायचे दाणे काढले त्यांनी, एक्केचाळीस. लोकरीच्या नमद्यावर उजवीकडे मांडत गेल्या. हा चुलत दीर, ही त्याची बायको म्हणजे तुझी जाऊ, ही चुलत नणंद, हा तिचा नवरा.

"दिराचं नावही घ्यायचं नाही. तूच एक ठेव त्याला."
"घोरतात फार. घोरे भावजी?"
"त्याला आवडेल असं ठेव ग!"
मग 'साहेब भावजी' ठरलं.

उजवी बाजू भरली. मग डावीकडे हात नेला. "ही नागाशी. बाळाच्या आईकडची माणसं, आजोळ..." हात तिथंच थांबला. त्यांनी सगळे दाणे पिशवीत भरले.

३ ऑक्टोबर
शब्द घोकतेय. झोपेतही. काल स्वप्नात दाणे माळावरून चालले होते, रांगेनं, पांढरे, डोक्याला रुमाल बांधलेले. मी ओळखत होते सगळ्यांना! मला मात्र कुणी ओळखलं नाही.

१९ ऑक्टोबर
आज लाज गेली. पाहुण्यांचं मांस मी वाढलं आणि मेंढीच्या पुढच्या पायाचं हाड ठेवलं धाकट्या चुलत नणंदेपुढं. ते हाड बिनलग्नाच्या मुलीला देत नाहीत, लग्न अडतं म्हणे! नणंद म्हणाली, "वहिनी, जन्मभर तुझ्याच चुलीशी बसवायचंय का मला?"

सासूबाईंनी हाड स्वतःपुढं ओढलं. "आण इकडं. माझं काय अडायचंय आता!" सगळे हसले. मला मात्र त्यांच्या गळ्यात पडावंसं वाटलं. पडले नाही.

६ डिसेंबर
दिवस गेलेत. मेमध्ये बाळ येईल.

बर्फानं खिडकी अर्धी बुजलीय. सासूबाई तुकडे जोडून दुपटं शिवतायत, लाल, पिवळे. शिवताना गुणगुणतात. मध्येच सहज बोलाव्यात तशा म्हणाल्या, "मला अपा म्हणेल ते."
"आणि मला?" मी विचारलं.
"वहिनी."

सायात म्हणतो, "रीतच आहे. माझं काय वाईट झालं?" त्याचं काही वाईट झालं नाही, खरंच. पण ते लाल-पिवळं दुपटं दिसलं की मी खोलीबाहेर जाते.

३ मार्च
बोलून बसले. भांड्यांसमोर, हात ओले. "मी बाळ देणार नाही! मला कुणाला आई म्हणायला मिळालं नाही. आता मला म्हणणारं कुणी येतंय, तर तेही तुमचं?"

त्यांनी शिवता शिवता दुपट्यावरून मान वर केली. मग हळूच, "मलाही कुणी म्हटलं नाही ग, रौशान."

सुई दुपट्यात तशीच टोचून बाहेर गेल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं!

११ मे
मुलगी. एवढीशी. जिल्ह्याच्या दवाखान्यात खिडकीतून माळ दिसतो, हिरवा, लाल फुलांचा. अर्धवट झोपेत वाटतं, सगळा माळच श्वास घेतोय.

१८ मे
घरी आलो. सासूबाई नाहीत. परवाच माहेरी गेल्या म्हणे, बहिणीकडं. ट्रंक नेली. बाळाचं तोंडही पाहिलं नाही! सायात माझ्याशी बोलत नाही.

दुपटं मात्र पलंगावर आहे. पुरं झालेलं.

२० मे
आज बाळाला पाळण्यात घालायचं होतं. गाव जमलं आणि पाळणाच नाही! तो आजोळानं आणायचा असतो. डावीकडची, आजोळची बैठक रिकामी ठेवलेली, गाद्या घातलेल्या, चहाचे पेले पालथे. साहेब भावजी खाकरले. दामेत्केन म्हणाली, "माझ्या नातवाचा आणू का ग?" मी बाळाला छातीशी धरून मान खाली घातली.

तेवढ्यात बाहेर गाडीचा आवाज. नवा पांढरा रुमाल बांधलेल्या, बहिणीचा हात धरून, सासूबाई उंबऱ्याबाहेर उभ्या. मागे गाडीवानाच्या खांद्यावर पाळणा – कोरा, लाकडाचा वास येत होता.

"दार पुरतं उघडा! मुलीकडची माणसं आलीत."
सायात म्हणाला, "वहिनी, हे काय?"
"वहिनी कोण? मी तुझी सासू, तू जावई. नीट बोल!"

गाव हसून लोटपोट. त्या आत आल्या त्या उजवीकडं वळल्याच नाहीत, सरळ डावीकडच्या गादीवर जाऊन बसल्या. बाळ मांडीवर घेतलं, हुंगलं. मग मला एकटीलाच ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाल्या, "आजोळची आजी नातीला ठेवून घेत नाही, तिच्या आईपाशीच सोडून जाते. तुला आई म्हणेल ही."

२१ मे
आज सकाळी चुलीपाशी हाक मारली – अपा!

दुसऱ्याच कुणाला हाक आली असं वाटून त्यांनी मागं वळून पाहिलं. मागं कुणी नव्हतं.