तिसऱ्या आणि चौथ्या फोटोमधला देव

४ फेब्रुवारी २००७, रविवार

सकाळी दिघाशीला गेलो. चुलतभाऊ हिरामणला त्याच्या सगळ्या जमिनीचा एकच लांब फोटो हवा आहे. मुलाच्या हळदीला वीस फुटी बॅनर लावणार! बांधावर स्टँड रोवला, कॅमेरा थोडा थोडा फिरवत सात फोटो काढले. आधीच्या फोटोचा काठ पुढच्या फोटोत यायला हवा, तर कॉम्प्युटरवर जोड बसतो. तिसऱ्या फोटोनंतर समोर चेडोबा आला, शेताचा राखणदार देव. शेंदराचा दगड, वर पत्रा. त्याच्यासमोरून तसाच पुढे मी कधी गेलेलो नाही. चपला काढल्या, हात जोडले. मग उरलेले काढले.

५ फेब्रुवारी

टेमघरला माझ्या फोटोच्या दुकानात बसून जोडले. भाताची धसकटं सगळीकडे सारखीच – जोड ओळखू येत नाही. हिरामण आला, प्रिंट उचलून गेला. खूश!

संध्याकाळी भाविका डबा घेऊन आली, स्क्रीनवरचा फोटो बघू लागली. माझी मुलगी, पण नजर तिच्या आजीची.

"बाबा, देव कुठंय?"

बघितलं. तिसऱ्या फोटोत विहीर संपते, चौथ्यात आंबा सुरू होतो. मधलं काहीच नाही. हात जोडायला कॅमेरा सोडला, तेव्हा तो सरकला असणार. म्हणजे मी नमस्कार केला म्हणून देव गेला.

८ फेब्रुवारी

हिरामणने प्रिंट मितेशशेठला दाखवली. शेठ ती जमीन विकत घेऊन तिथे गोडाऊन बांधणार. जमिनीत देऊळ नको, एवढीच त्याची अट होती. फोटोवर बोलणी पक्की झाली. नंतर शेठ जागेवर गेला आणि दगडापाशी थबकला. हिरामणनेच हसत सांगितलं, शेठ म्हणाला, "फोटो में नहीं है, तो यहाँ क्यों है?"

या प्रश्नावर दोघांना एकच उपाय सुचला. फोटो बदलायचा नाही. जमीन बदलायची. लग्न पंचवीसला, सत्तावीसला दगडावर जेसीबी.

९ फेब्रुवारी

दुकान उघडलं. कॉम्प्युटर नाही उघडला.

१० फेब्रुवारी

हिरामणकडे जाऊन सगळं कबूल केलं. चूक माझी, कॅमेरा सरकला, नवा फोटो फुकट काढून देतो. त्याने चहा मागवला.

"सावळाराम, तू येडा हायस. चेडोबा सोताच बाजूला झाला. देवाला कलतं, तुला कलत न्हाय?"

मी म्हटलं, काकूला विचारलंस? काकू म्हणजे त्याची आई, पुतळाबाई. तिला लग्न झाल्यावर सांगणार म्हणे. काम उरकलं की सांगायचं!

१६ फेब्रुवारी

महाशिवरात्र. उपास. देवळात रांगेत उभा होतो. पुढचा माणूस मोबाईलवर पिंडीचा फोटो घेऊन दर्शन न घेताच निघाला. हसू आलं. मग आलं नाही.

१९ फेब्रुवारी

पहाटे पुन्हा त्याच बांधावर. आठ फोटो. चेडोबा समोर आला तरी हात कॅमेऱ्यावरच ठेवले. आठवा झाल्यावर चपला काढल्या आणि बराच वेळ उभा राहिलो. त्याला म्हटलं, मघाशी ड्युटीवर होतो.

२२ फेब्रुवारी

बॅनर छापून आला. गुंडाळूनच ठेवलाय. हिरामणने फोनवर विचारलं, "तोच ना?" म्हटलं, जमीन तीच.

खोटं नाही बोललो. खरंही नाही.

२४ फेब्रुवारी, हळद

मांडवात बॅनर मीच बांधला, पाहुणे जमल्यावर. विहीर, आंबा आणि त्यांच्या मधोमध चेडोबा, हातभर उंच. मितेशशेठ पहिल्या खुर्चीवर होता. पुतळाकाकू हळदीची वाटी घेऊन नवऱ्या मुलाकडे निघाली होती. थांबली. चपला काढल्या आणि पहिली हळद बॅनरवरच्या देवाला लावली. मागे बायकांची रांग लागली. काकूने न बघताच हाक मारली, "हिरामण, वाटी धर."

धरली त्याने. शेवटच्या बाईपर्यंत.