जोडीला दिलेला शब्द

प्रिय लंबू,

तुला हॉस्पिटलमधून घरी सोडल्याचं तुझ्या थोरल्या लेकीकडून कळलं. खोलीतल्या खोलीत चालतोस आणि डॉक्टरांशी हुज्जतही घालतोस म्हणे, म्हणजे गाडी रुळावर आली. मी अजून फिरकलो नाही म्हणून मला शिव्या घातल्या असशील. घाल. आज पत्रच लिहितोय, कारण समोर बसलो असतो तर तू मला बोलू दिलं नसतंस.

सभागृहात तुझ्या खुर्चीकडे बघवत नाही. तेवीस वर्षं आपण समोरासमोर बसलो, भाषणात एकमेकांची सालटी काढली आणि मधल्या सुट्टीत कँटीनच्या एकाच टेबलावर चहा प्यायलो. चार वर्षांपूर्वी तुझी वहिनी गेली, तेव्हापासून माझं बोलणं म्हणजे तेवढंच उरलं होतं. घरी रेडिओ लावून ठेवतो, ऐकत मात्र नाही. परवा दुकानदारानं तब्येत विचारली तर मला आधी घसा खाकरावा लागला. सकाळपासून तोंडच उघडलं नव्हतं.

कँटीनच्या मावशी तुझी चौकशी करत होत्या. त्यांचा पगार थांबलाय, लिफ्टवाल्याचाही. सरकारनं किती कर्ज काढायचं याची कायद्यानं घातलेली मर्यादा तुमच्या सरकारनं गाठली, आणि ती वाढवायचं विधेयक पडलं. तिजोरीत आहे तेवढ्यात भागवा, असं आमचे पुढारी ऐटीत सांगताहेत. तुमच्या भांडणात आमचं घरभाडं कुठून द्यायचं, असं मावशींनी मला शांतपणे विचारलं. मी चहा तसाच टाकून उठलो.

आपली जोडीची रीत मी नव्या सदस्यांना किती फुशारकीनं सांगायचो! एका बाजूचा माणूस आजारपणानं किंवा अडचणीनं येऊ शकला नाही की समोरच्या बाजूच्या एकानं मतदानाच्या वेळी बाहेर बसायचं, म्हणजे मतांचा तोल तोच राहतो. कागद नाही, सही नाही, नुसता शब्द. माझे वडील गेले तेव्हा तू माझ्यासाठी बाहेर बसलास, आणि तुमच्या नेत्यानं तुझं ठरलेलं मंत्रिपद कापलं. त्याबद्दल तू कधी चकार शब्द काढला नाहीस. म्हणून ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तू माझा हात धरलास तेव्हा मी लगेच म्हणालो, बाहेर बसेन. तू निवांत डोळे मिटलेस.

मतदानाची घंटा झाली तेव्हा मी कँटीनमध्येच होतो, खरंच. मग आमचा प्रतोद धापा टाकत आला. एका मताचा प्रश्न आहे, सगळा पक्ष तुमच्यासाठी खोळंबलाय, असं म्हणाला. लंबू, मला तत्त्व आठवलं नाही की देशाचं कर्ज आठवलं नाही. चार वर्षांत कुणी माझ्यासाठी खोळंबलं नव्हतं. मी उठलो आणि आत गेलो. सगळ्यांनी सरकून मला जागा दिली. विधेयक एका मतानं पडलं. मी बाहेर असतो तर मतं समसमान झाली असती आणि तुमच्या बाजूच्या सभापतींच्या निर्णायक मतानं ते पास झालं असतं. लोकांनी माझी पाठ थोपटली, फोटो काढले. अर्ध्या तासात सगळे आपापल्या गाड्यांनी गेले आणि मी बसस्टॉपवर एकटा उभा होतो.

तुझ्या थोरलीला हे सगळं ठाऊक आहे. पण शुद्धीवर आल्या आल्या तू माझंच विचारलंस, आणि तुझ्या जिवाला घोर नको म्हणून तिनं सांगून टाकलं की काका बाहेरच बसले होते. वर्तमानपत्रंही तीच लपवते. मला म्हणाली, काका, राहू द्या ना तसंच. मीही राहू दिलं असतं, इतका मी भित्रा आहे. पण काल तू तिच्या हाती मला पाठवलेली चिठ्ठी मिळाली. गुरुवारी परत मतदान आहे, परत आपलीच जोडी, तू आहेस म्हणून मी बिनघोर पडून आहे, असं तुझ्या त्या वाकड्या अक्षरात लिहिलंयस. ती चिठ्ठी परत पाठवतोय. पोरीवर रागावू नकोस. गुरुवारी मी बाहेर बसणार आहे, प्रतोदानं ओढत नेलं तरी. पण तू माझ्या भरवशावर राहू नकोस, लंबू. जोडीला दुसरा कुणीतरी बघ.

दुसऱ्या कुणाचाच नाही, म्हणून तुझाच,
बुटक्या